पिंडारीच्या वाटेवर कान धुताना

वैशाखात मुकुंदवाडीतले लोक माठाला ओलं फडकं गुंडाळत असायचे, तेव्हा मी गच्चीवर लोकरीचे मोजे आणि कानटोप्या वाळत घालायचो. समोरचा किराणावाला खालून विचारायचा, "काय अण्णा, ऊन लागलं काय डोक्याला?" मी सांगायचो, पाखरं बघायला चाललोय, बर्फात. तो पुढे काही विचारायचा नाही. गल्लीत एखादा असा माणूस असणारच, हे लोकांनी धरूनच ठेवलेलं असतं.

तो माझा धंदा होता. दर वसंतात इथून दहा-बारा माणसं गोळा करायची, रेल्वेने दिल्ली, तिथून काठगोदाम, पुढे जीपने कुमाऊंच्या डोंगरात शिरायचं आणि पिंडारी हिमनदीकडे जाणाऱ्या पायवाटेवर चालत चालत पाखरं बघायची. वसंत म्हटला की आपल्याला चैत्रातली पालवी आणि कैरीची डाळ आठवते. त्या डोंगरात तो उशिरा पोचतो. आपल्याकडे जमीन तापून भेगाळते तेव्हा तिकडे वाटेवरचं बर्फ वितळायला लागतं, बुरांशाची झाडं लालभडक फुलतात आणि थंडीत खाली उतरलेली पाखरं जोडीदार शोधायला वर चढतात. त्यांच्यातली काही तर आपल्याच बाजूने गेलेली असतात. हिवाळाभर आपल्या लिंबावर किडे टिपणारा बोटाएवढा हिरवट वटवट्या, नाल्याच्या कडेने शेपटी हलवत फिरणारा करडा धोबी, ही मंडळी मराठवाड्यात पाहुणी असतात. आपले पाहुणे त्यांच्या स्वतःच्या घरी कसे नांदतात ते बघायला आम्ही जायचो.

करडा धोबी माझा विशेष लाडका. पाठ करडी, पोट पिवळं, शेपूट लांब आणि ती सतत खालीवर. आमच्या गच्चीवरची टाकी गळायची. पितृपक्ष सरता सरता एखाद्या सकाळी तो त्या ओघळाशी येऊन उतरायचा आणि धारदार बारीक आवाजात लागोपाठ दोनदा बोलायचा, टिझ-टिझ. मी खाली हाक मारायचो, "मथुरा, आला बघ पिंडारीचा पाव्हणा." मथुरा म्हणजे माझी बायको. ती काठवटीवरून न उठता म्हणायची, "येऊ द्या. त्याला कुठं जेवू घालायचंय."

मथुरा दौलताबादची. तिचं माहेर किल्ल्याच्या पायथ्याला, घरची मेंढरं. लग्नापर्यंत ती बापाबरोबर रानोमाळ फिरलेली. मी मात्र शेतकऱ्याच्या घरातला, शिकून चिकलठाण्याला एका कारखान्यात लागलेला. प्रेस शॉपला होतो. पत्र्यावर प्रेस आदळते तिथे दोन माणसं समोरासमोर उभी राहून ओरडली तरी ऐकू येत नाही. आम्ही हातवारे करून बोलायचो. कानात कापसाचे बोळे घालणाऱ्याला तिथे 'नवरी' म्हणायचे, म्हणून मी कधी घातले नाहीत. एकदा मित्रांच्या नादाने सुट्टीत हिमालयात गेलो. प्रेसचा ठोका डोक्यातून जायला बरेच दिवस लागले, आणि तो गेल्यावर एका सकाळी मला पहिल्यांदा नीट पाखरू ऐकू आलं. तेव्हाच मी बिघडलो. पुढे नोकरी सोडली तेव्हा वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मथुरा एवढंच म्हणाली, "मेंढरामागं फिरनारी मानसं आमी. तुमी पाखरामागं फिरा."

या धंद्याबद्दल एक गैरसमज आहे. गळ्यात दुर्बीण असते म्हणून लोकांना वाटतं, हे डोळ्यांचं काम. जंगलात पाखरू आधी कानाला सापडतं, मग डोळ्याला. पानांच्या गर्दीत बोटाएवढा जीव नुसत्या नजरेने हुडकायचा म्हणजे खळ्यात सांडलेली मोहरी वेचणं. आवाज येतो, मग मान वळते, मग नजर जाते आणि सगळ्यात शेवटी दुर्बीण. मी गिऱ्हाइकांना बजावायचो, दुर्बीण विसरलात तर माझी देईन, कान विसरला असाल तर इथूनच परत फिरा.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. जालन्याचे एक वकील होते. त्यांना फक्त मोनाल बघायचा होता, तो मोराच्या रंगाचा डोंगरी कोंबडा. बाकी काही दाखवलं की म्हणायचे, "हे ठीक आहे, पण मुद्द्याचं बोला." मोनाल शेवटी भेटला तो थेट वाटेवर. पंख पसरून, सगळे रंग दाखवत खाली झेपावला. आमची सगळी माणसं आ वासून उभी. वकीलसाहेब तेवढे नेमके पाण्याची बाटली घेऊन मोठ्या दगडामागे गेलेले. परत आल्यावर लोकांचे चेहरे बघून त्यांना सगळं कळलं. खिन्नपणे म्हणाले, "म्हणजे आमची तारीख पुढं गेली." ते पुढल्या वर्षी पुन्हा आले आणि मोनाल बघून लहान मुलासारखे रडले. गुलमंडीवरचे कापडवाले शांतीलालशेठ तर पोपटी रंगाचं जाकीट घालून यायचे. मी सांगून थकलो की पाखरं बिचकतात. त्यांचं म्हणणं, "अण्णा, हरवलो तर सापडायला पाहिजे ना." दरवर्षी यायचे आणि दरवर्षी हरवायचे.

असे लोक. त्यांचे कान जालना रोडच्या हॉर्नांनी भरलेले. म्हणून मी एक रीत पाडली होती. तिला 'कान धुणं' म्हणायचो. रोज उजाडताना, वाटेला लागायच्या आधी, सगळ्यांनी पाठीला पाठ लावून गोलात उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि फक्त ऐकायचं. तिकडचा आमचा वाटाड्या खीमसिंह शेजारी चुलीवर चहा ठेवायचा. चहा उकळला की तो किटलीवर चमचा वाजवायचा. मग एकेकाने काय ऐकलं ते सांगायचं. कोणी म्हणायचं, शीळ. कोणी म्हणायचं, खारीसारखं किचकिच. मी प्रत्येक आवाजाला नाव द्यायचो. पहिल्या सकाळी लोकांना नदी आणि कावळा सोडून काही ऐकू यायचं नाही; परतीच्या वाटेवर तेच लोक चार-पाच आवाज वेगळे काढायचे. मला या धंद्यात कशाचा अभिमान असेल तर याचा आहे.

आणि मग ती दरी गप्प व्हायला लागली.

एकदम नव्हे. आधी गेली ती देवदारांच्या शेंड्यांवरची, सुईच्या टोकासारख्या आवाजाची पाखरं. मग वटवटे गेले. मग पाण्याकाठची. मोठा तांबट ओरडत होता, कोकिळेच्या जातीतले घुमत होते, मोनालची शीळ यायची, कावळे तर काय कुठेही असतातच. नाजूक आवाज तेवढे विरत गेले. आवाज नाही म्हणून दिसणंही कमी झालं. मी या वाटेवर इतकी वर्षं चाललेलो. हिमनदी मागे सरते आहे हे डोळ्यांना दिसत होतं. सुरुवातीला बर्फाचं तोंड जिथे हाताशी आल्यासारखं वाटायचं, तिथे आता दगडगोट्यांचा ढीग पडलेला. हवा बदलली, बर्फ आटलं, अंगापिंडाने मोठी पाखरं तगली आणि चिमुकली मेली. कोणीही हाच अर्थ काढला असता.

माझं दुःख खोटं नव्हतं. दौऱ्याहून परत आलं की मला जेवण जायचं नाही. मथुरा विचारायची, कोण गेलं. मी सांगायचो, या साली अमुक नव्हता, तमुक नव्हता. ती घरातलं माणूस गेल्यासारखं ऐकून घ्यायची. इकडच्या लिंबावरही शुकशुकाट झाला. धोबी गच्चीवर यायचा, शेपटी हलवायचा, पण मुका. मला वाटलं, एवढं सोसल्यावर तोही काय बोलणार.

मग मी शाळांत, कॉलेजांत बोलायला लागलो. पडद्यावर आधीची आणि आताची हिमनदी दाखवायची आणि म्हणायचं, मी जिथे पाखरांचा गलका ऐकला तिथे आज नदीशिवाय काही ऐकू येत नाही. पोरी डोळे पुसायच्या. मीही पुसायचो. वाटेवर कान धुताना मी आवाजांना नावं द्यायचं बंद केलं होतं. किटली वाजली की लोकांना म्हणायचो, "ही शांतता ऐका. काही वर्षांपूर्वी इथं उभं राहून बोलता येत नव्हतं." लोक माना खाली घालायचे.

मथुरा तोवर कधी तिकडे आलेली नव्हती. माझी आई बरीच वर्षं अंथरुणावर होती, तिला सोडून कसं येणार. आई गेली, वर्षश्राद्ध झालं, आणि त्या वसंतात मी मथुराला म्हणालो, चल. उरलंसुरलं आहे तोवर बघून घे. तिने ज्वारीच्या पिठाचा डबा भरला, लुगड्यावर माझा जुना स्वेटर चढवला आणि निघाली. गाडीत शांतीलालशेठ होते, छावणीत राहणाऱ्या निवृत्त शिक्षिका देशमुख बाई होत्या, आणखी काही नवी माणसं होती. बाई मथुराला म्हणाल्या, "तुम्हाला आवड आहे का पक्ष्यांची?" मथुरा म्हणाली, "ह्यांनाच लई हाय. म्या आपली भाकरी थापायला."

खाती हे त्या वाटेवरचं शेवटचं गाव. तिथे पहिल्या सकाळी कान धुतले. पाठीला पाठ लावून उभे राहिलो. मथुरा माझ्या शेजारी होती. किटली वाजली.

"नदी," देशमुख बाई म्हणाल्या.

"नदी," शेठ म्हणाले. "आणि एक कावळा. आणि माझं पोट."

मथुराची पाळी आली. ती म्हणाली, "लई गलका हाय की. चहूकडनं."

मी हसलो. लोकांना म्हटलं, पहिल्यांदा आली आहे, नदीच्या आवाजाला माणूस फसतो. मथुराने माझ्या तोंडाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, म्हणजे मेंढरू लंगडतंय का ते बघतात तसं. मग खाली बघून म्हणाली, "नदीच आसंल."

खातीहून निघालं की वाट नदीला धरून दाट झाडीतून चढते. माणसं पुढे गेली होती. मथुरा मुद्दाम माझ्याबरोबर मागे रेंगाळत होती. एका वळणावर तिने मला हाताने थांबवलं.

"ते बघा."

बुरांशाच्या फांदीवर, अगदी नाकासमोर, वटवट्या बसला होता. त्याची चोच उघडी होती. गळ्याखालची पिसं फुललेली आणि थरथरत होती, आणि ती थरथर पार शेपटीपर्यंत पोचली होती. चोच मिटे, पुन्हा उघडे. टीव्हीवर गाण्याचा कार्यक्रम चालू ठेवून कोणीतरी आवाज बंद करावा, तसं ते दिसत होतं.

"हा बोलतोय?" मी विचारलं.

"व्हय. मघापासून बोलतोय. कान किटले."

"अजून कोण?"

ती एकेक बोट करत गेली. "त्या तिथं एक. वर शेंड्याला दोन-तीन हायती, लई बारीक बोलत्यात. खाली पान्याकडं एक हाय. तो तर आपल्या गच्चीवरलाच."

"धोबी?"

"त्योच. टिझ-टिझ करतोय. तुमीच तर शिकिवलं मला."

मी खाली दगडावर बसलो. रडू आवरेना. ज्यांच्यासाठी मी इतकी वर्षं सुतक पाळलं, ती सगळी माझ्या डोक्यावर बसून गात होती. ती जिवंत आहेत याचा आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही, पण तो कुठेतरी तळाशी होता. वर एवढंच होतं की आता हे मला कधीही ऐकू येणार नाही. शेवटचं कधी ऐकलं तेही आठवेना. ऐकत होतो तेव्हा ते शेवटचं आहे हे कुठे माहीत होतं.

मथुरा शेजारी बसली. तिने समजूत घातली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "उठा. मानसं म्होरं गेली."

"त्यांना काय सांगू?"

"जे हाय ते."

मग तिने तिच्या बापाची एक रीत सांगितली. माळावर मेंढरं बसलेली असताना लांडग्याची चाहूल लागली तर तोंडातून शब्द काढायचा नाही. मेंढरं बुजतात आणि फुटतात. ज्याला चाहूल लागली त्याने शेजारच्याचं मनगट धरायचं आणि बोटाने दाबायचं. लांडगा एकदा हलला तर एकदा, दोनदा हलला तर दोनदा. शेजाऱ्याला काही ऐकू आलेलं नसलं तरी त्याला सगळं कळतं. "आन् तुमाला तर पाखराची बोली ठावं हाय," ती म्हणाली. "म्या दाबते, तुमी वळखा."

दोन दिवसांनी फुरकियाच्या मुक्कामापुढे, बर्फाचं तोंड पहिल्यांदा दिसतं त्या वळणावर कान धुतले. त्याआधी मी लोकांना सरळ सांगितलं की मला बारीक आवाज येत नाहीत, बहुधा बऱ्याच वर्षांपासून येत नाहीत, आणि दरी गप्प झालेली नाही. वाटलं होतं, लोक चिडतील. कोणी चिडलं नाही. देशमुख बाई एवढ्याशा तोंडाने म्हणाल्या, "मला पहिल्या दिवसापासून येत होते हो. मला वाटलं माझ्याच कानात वाजतंय. मी थेंबसुद्धा घातले." शेठ म्हणाले, "अण्णा, आपण तर किडे समजलो. तुम्ही म्हणालात काही नाही, म्हणजे काही नसणारच ना." नवी माणसंही माना डोलवायला लागली. प्रत्येकाला ऐकू आलं होतं, आणि प्रत्येकाने ते माझ्या शब्दाखातर नाकारलं होतं. खीमसिंह चुलीपाशी बसून म्हणाला, "हम तो सोचे, साहब अब बड़े पंछी का ही टूर करते हैं."

मग सगळे पाठीला पाठ लावून उभे राहिले. मथुराने माझं मनगट धरलं. तिचं बोट कधी सलग दाबून राही, कधी टपटप पडे, कधी दाबत दाबत सैल होई. मी डोळे मिटून ते वाचत होतो आणि एकेक नाव सांगत होतो. किटली वाजली तरी आम्ही थांबलो नाही. शेवटी तिने झटकन दोनदा दाबलं. मी म्हणालो, धोबी. शेठ म्हणाले, "आहे. तिथं दगडावर आहे, पिवळ्या पोटाचा." इतक्या वर्षांत शांतीलालशेठांनी स्वतःहून शोधलेलं ते पहिलं पाखरू.

डोळे उघडले तेव्हा समोर हिमनदी होती, मागे सरलेली, कडेला मातीने काळी पडलेली. ती खरोखरच मागे गेली होती. त्यात माझ्या कानांचा काही दोष नव्हता. म्हणजे मी सांगत होतो त्यातलं निम्मं खरं होतं, आणि खोटं निम्मं मी त्याला इतकं घट्ट शिवून टाकलं होतं की उसवताना दोन्ही फाटायची भीती.

शहरात परतल्यावर कानाच्या डॉक्टरांनी डोक्याला यंत्र लावून तपासलं. कागदावर एक रेघ निघाली. ती सरळ जाते जाते आणि मग दौलताबादच्या कड्यावरून पडल्यासारखी खाली. डॉक्टरांनी विचारलं, कधी मोठ्या आवाजात काम केलंय का. मी म्हणालो, प्रेस शॉपला. ते म्हणाले, त्याची पावती उशिरा येते. कानात बसवायचं मशीन घेतलं. त्याने ताटं-वाट्या कडकडतात, कुकर अंगावर येतो, पाखरू मात्र येत नाही. जे मेलं आहे त्याला मोठ्याने हाक मारून उपयोग नाही, असं डॉक्टरच म्हणाले, जरा वेगळ्या शब्दांत. मी दौरे थांबवले. एका शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना सांगितलं की माझ्या भाषणात चूक होती. त्यांनी विचारलं, "म्हणजे हिमनदी मागे सरत नाही?" मी म्हणालो, सरते. ते म्हणाले, "मग राहू द्या."

त्यानंतरचे हिवाळे मी मथुराच्या बोटावर काढले. सकाळी गच्चीवर खुर्ची टाकायची, ती शेजारी शेंगा फोडत किंवा मेथी निवडत बसायची, आणि मध्येच हातातलं काम ठेवून माझं मनगट धरायची. लिंबावरचा वटवट्या, तारेवरची पाकोळी, सगळं बोटातून यायचं. पितृपक्ष संपत आला की मी धोब्याची वाट बघायचो. झटकन दोनदा. मग वळून बघायचं, तो टाकीशी शेपटी हलवत असायचा. मला वाटायचं, एक कान गेला आणि दुसरा मिळाला, तक्रार कशाची करायची.

मध्यंतरी टाकी बदलली. नवी टाकी गळत नाही. रेल्वेकडचा नालाही सिमेंटने झाकला. मी धोब्यासाठी पाण्याने भरलेली परात ठेवायला लागलो. मागल्या वर्षी मथुराने मनगट दोनदा दाबलं. मी वळेपर्यंत तो उडालेला. असं पुष्कळदा झालं. मला वाटलं, परातीचं पाणी त्याला मानवत नाही. यंदा नवरात्रात पुन्हा तसंच. बोट दोनदा दाबलं गेलं, मी लगेच वळलो. परातीत लिंबाचं एक पान पडलेलं होतं आणि ते हलत नव्हतं.

"उडाला," मथुरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दोनदा, पुन्हा रिकामी परात, पुन्हा "उडाला." मी हे पाखरू आयुष्यभर बघितलंय. पाण्याशी आल्यावर ते असं उडत नाही. चार फेऱ्या मारतं, चिखल टोकरतं, शेपटी हलवून हलवून हैराण करतं.

"मथुरा," मी म्हटलं, "खरं सांग. आलाय का?"

तिने शेंगांचं सूप बाजूला सारलं. "न्हाय."

ती म्हणाली, "मागल्या सालीबी न्हवता आला."

"मग बोट कशाला दाबत होतीस?"

"तुमी सकाळ झाली की मनगट म्होरं करून बसता. रोज न्हाय कसं म्हनू?"

मला राग आला नाही. मागल्या हिवाळ्यात मी जे भेटेल त्याला सांगत होतो की पिंडारीचा पाहुणा आला, यंदा जरा लाजतोय. तो मुळात आलाच नव्हता. पाखरं होती तेव्हा मी नाहीत म्हणून गावभर रडलो. आता एक खरोखर नाही, तर ते मला कळायला सुद्धा दुसऱ्याचं बोट लागतं, आणि त्या बोटाला माझी दया येते. तो का आला नाही, मला माहीत नाही. नाला झाकला म्हणून, टाकी गळत नाही म्हणून, की तिकडे वर, बर्फाशी, काही झालं म्हणून. पूर्वी मी अशा वेळी लगेच कारण जोडून टाकलं असतं आणि शाळेत जाऊन सांगितलंही असतं. आता धीर होत नाही. मला फक्त तो आला की नाही एवढं खरं कळायला हवं. तेवढं एकच माझ्या हातात उरलं आहे, आणि तेही माझ्या हातात नाही, तिच्या आहे.

मी तिला म्हणालो, "उद्यापासून नसेल तर दाबायचं नाही. किती दिवस गेले तरी नाही."

"बरं," ती म्हणाली. मग सूप पुन्हा पुढ्यात ओढत, "सोसंल?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परात घासून ताजं पाणी भरलं आणि खुर्चीवर बसलो. मथुरा वर आली, पदराला हात पुसले, शेजारी बसली. मी मनगट पुढे केलं. तिने ते धरलं. खालून किराणावाल्याने शटर उघडलं, रेल्वेची गाडी गेली, शाळेच्या रिक्षा गेल्या, हे सगळं मलाही ऐकू आलं. ऊन लिंबावरून गच्चीवर उतरलं आणि सरकत सरकत परातीपर्यंत गेलं. ती एकदा मान तिरकी करून ऐकत राहिली. मग तिची मान सरळ झाली. मनगट तिने सोडलं नाही, आणि बोटही हललं नाही.